ड्रॅगन ठीक, प्रायमर झकास

मागवला होता रंगवायला ड्रॅगनचा पुतळा, पण रिव्ह्यू लिहावासा वाटला तो प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी लावायच्या अस्तराचा. तरी आधी ड्रॅगनबद्दल, कारण पैसे जास्त त्यात गेले.

पुण्यातला माझा भाचा मित्रांबरोबर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. १९७४ पासून चालत आलेला टेबलावरचा खेळ. पटावरचा एक इंच म्हणजे पाच फूट, या हिशेबानं वयात आलेला ड्रॅगन तीन बाय तीन इंच जागा अडवतो. बोटाएवढे सैनिक मी बरेच रंगवलेत, एवढं धूड पहिल्यांदाच. एका थ्रीडी प्रिंटिंगवाल्याकडून रेझिन नावाच्या प्लॅस्टिकमध्ये छापून घेतलं. धड, शेपटी आणि दोन्ही पंख सुटे आले.

खवले सुरेख उतरलेत, गळ्याखालच्या पट्ट्यांच्या कडा नखाला लागतात. पण डावा पंख वाकडा, आणि पोटाखाली सपोर्ट, म्हणजे छापताना आधाराला दिलेल्या काड्या, तोडल्याच्या खुणा तशाच. फोटो पाठवले तर ‘गरम पाण्यात बुडवा’ एवढंच उत्तर. उपाय खरा आहे. कढत पाण्यात रेझिन नरम पडतं, मग पंख हवा तसा वळवून गार पाण्याखाली धरायचा. पण साडेतीन हजार घेऊन हे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात का? शेपटीची फट एम-सीलनं बुजवली. खुणा ४०० आणि मग ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं घासल्या, तेही पाण्यात आणि मास्क लावून, कारण रेझिनची भुकटी छातीत गेलेली चांगली नाही. किटला पाचपैकी तीन.

आता प्रायमर. व्हिडिओत बघावं तर जो तो स्प्रेचा डबा घेऊन अंगणात उभा. आमच्या वेंगुर्ल्यात पावसाळ्यात डब्यातला पापडसुद्धा मऊ पडतो. अशा हवेत स्प्रे मारला की बाहेर पडणारा फवारा गार होतो, हवेतली वाफ धरतो आणि रंग रवाळ बसतो. बारीक खवले त्यात गेलेच म्हणून समजा. शिवाय ते डबे ज्वालाग्राही म्हणून विमानानं येत नाहीत, मग बसा वाट बघत.

म्हणून वायेहो या स्पॅनिश कंपनीचं सरफेस प्रायमर घेतलं, राखाडी, ६० मिली. अ‍ॅक्रिलिक-पॉलियुरेथेनचं, पाण्यावर चालणारं आणि ब्रशनं लावता येणारं. वास जवळजवळ नाहीच, त्यामुळे बाहेर धो धो कोसळत असताना मी पडवीत दार लावून निवांत लावलं. बाटली भरपूर हलवायची आणि रुंद मऊ ब्रशनं पातळ हात द्यायचा. ओलं असताना ब्रशच्या रेघा स्पष्ट दिसतात आणि खवल्यांमधल्या खाचा भरून गेल्यासारख्या वाटतात. तिथे परत ब्रश फिरवायचा मोह आवरा. सुकताना ते आपसूक ओढलं जातं, रेघा विरतात आणि एकेक खवला पुन्हा उठून दिसतो. मी तर खुर्ची ओढून बघत बसले होते. हाताला कोरडं लागलं तरी एक अख्खा दिवस थांबायचं, पावसात दोन. घासकाम सगळं आधीच उरकून घ्या, कारण पॉलियुरेथेनचा थर घासला की भुकटी होत नाही, पापुद्रा सुटतो.

सासऱ्यांची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायची जागा. नागपंचमी जवळ आलेली, लोक मूर्तीसाठी पाट आणून ठेवतायत, त्या धांदलीतही ते येऊन डोकावले. “ह्यां काय गो? सुसर?” मग पाठीवरून अंगठा फिरवला. “अस्तर बरां बसलां. पण सुकू दी, मगे रंगाक हात लाव.” आमच्या घरात याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

रंगाचं थोडक्यात सांगते. राखाडीवर आधी पांढऱ्याचा कोरडा ब्रश (रंग जवळजवळ पुसून घेतलेला) फिरवला आणि त्यावर कॉन्ट्रास्ट जातीचा रातांबी रंग. खवल्यांवर हा रंग पैसे वसूल करतो, खाचेत गडद, उंचवट्यावर फिका, शेडिंग एका हातात. पंखाच्या पडद्यावर मात्र नको. सपाट जागेवर तो साचतो आणि कडेनं डाग धरतो. तिथे साधं अ‍ॅक्रिलिक पाण्यानं पातळ करून, हाडाकडून कडेकडे ओढत, थरावर थर. कंटाळवाणं आहे, इलाज नाही. पंख शेवटी जोडा, नाहीतर पाठीवर ब्रश पोचत नाही. नुसत्या फेविक्विकवर हे वजन टिकत नाही, सांध्यात बारीक भोक पाडून पेपर क्लिपची तार घाला. आणि वेट पॅलेट, म्हणजे रंग सुकू नये म्हणून खाली ओलं ठेवलेलं पॅलेट, आमच्या हवेत रंग ओला ठेवतो तसा बुरशीही जोपासतो, रोजच्या रोज धुवा.

डोळ्यांची आखणी अर्थात सासऱ्यांकडे. माझ्या महागड्या ब्रशकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, गणपतीचाच ब्रश आणला आणि पिवळ्या बुबुळात उभी रेघ एका दमात ओढली. भाच्याला ती रेघ मी काढली असं सांगणार आहे.

प्रायमरला पाचपैकी पाच. काळं आणि पांढरंही मिळतं, पण शिकत असाल तर राखाडीच घ्या. काळ्यावर खाचा दिसत नाहीत, पांढऱ्यावर रंग लागायचा राहिलेली जागा लगेच डोळ्यात भरते. एवढा ड्रॅगन होऊनही अर्ध्याहून जास्त बाटली उरली आहे. काम झालं की तोंड पुसून टोपण घट्ट लावा, आणि जवळ एक टाचणी ठेवा, सुकलेला रंग अडकला तर लागते.