व्हिएन्ना 1683: तोफा की सुरुंग?

वजीर कारा मुस्तफाच्या उस्मानी (तुर्की) फौजेने 14 जुलैला व्हिएन्नाला वेढा घातला. तट पाडायला मार्ग दोन होते.

तोफांचा मार्ग लवकरच बंद पडला. जड तोफा फारच थोड्या होत्या, आणि हलक्या तोफांचे गोळे मातीने भरलेल्या, जाड, तिरक्या बुरुजांत रुतून बसत. शहरात तोफा दुपटीहून जास्त होत्या. अशा तटाला खिंडार पाडायचे तर जवळून, एकाच जागी, दिवसेंदिवस मारा लागतो. तेवढी ताकद नव्हती.

सुरुंगाचे काम खरे चालले. बुर्ग आणि ल्योबेल या बुरुजांच्या समोर नागमोडी मोर्चे खणत खंदकापर्यंत यायचे, मग जमिनीखालून भुयार, टोकाला बंदुकीच्या दारूची कोठडी. मागची वाट माती-लाकडाने घट्ट बुजवावी लागते; ती सैल राहिली तर स्फोटाचा जोर उलटा भुयारातूनच निघतो आणि भिंत जागची हलत नाही. बचाववाले आवाजाचा माग काढून प्रतिसुरुंग खणत, भुयारातच हातघाई होई. म्हणून गती मंद. दोन बुरुजांमधला त्रिकोणी बाह्यकोट पडायला 3 सप्टेंबर उजाडला. दुसऱ्याच दिवशी बुर्ग बुरुजाला मोठे खिंडार पडले, पण शहराचा सेनापती श्टारेमबर्ग याच्या शिबंदीने ते रोखून धरले.

माझ्या मते सुरुंगांची निवड बरोबरच होती. घात झाला तो पाठ उघडी ठेवल्याने: शहराजवळच्या कालेनबर्गच्या टेकड्यांवर भक्कम मोर्चेबंदी केलीच नाही, आणि 12 सप्टेंबरला पोलंडचा राजा सोबिएस्कीच्या नेतृत्वाखालची मदतीची फौज तिथूनच उतरली.