पॅरिस करार, दहा वर्षं वापरून बघितला : 5 पैकी 2 स्टार

नाशकात लोक मिसळीचे रिव्ह्यू टाकतात, मी हा टाकतोय. निफाडला थोडी द्राक्षबाग आहे त्यामुळे आपण पण कस्टमरच. 2015 ला जगाची तापमानवाढ आवरायचा हा करार देशादेशांत झाला तेव्हा टीव्हीवर टाळ्या बघून वाटलं चला, आता हवामानाकडं कोणीतरी बघेल.

सर्व्हिस कशी आहे तर प्रत्येक देशानं धूर (कार्बन) कमी करायचं आपलं टार्गेट आपणच ठरवायचं, म्हणजे पेपर आपणच काढायचा, आणि नापास झालं तरी दंड नाही. आता आमचं बघा, युरोपला माल पाठवायचा तर रेसिड्यूची (फवारलेल्या औषधाच्या उरलेल्या अंशाची) टेस्ट, एक सॅम्पल फेल झालं की प्लॉटचा माल अडतो. 2010 ला लिहोसिनचा (वेलीची वाढ आवरायचं औषध) अंश सापडला तेव्हा कंटेनर तिकडंच अडकले, लोकांचं कंबरडं मोडलं, पण त्यानंतर सगळे ताळ्यावर आले की नाही? द्राक्षाच्या घडाला आहे तेवढा कडक नियम कोळशाच्या धुराला नाही राव.

आधीचं मॉडेल म्हणजे हवामानाचाच क्योटो करार, 1997 चा. त्यात टार्गेट बंधनकारक होतं पण फक्त श्रीमंत देशांना, आपल्याला आणि चीनला नाही (बरोबरच होतं म्हणा, धूर आधी त्यांनीच केला). अमेरिकेनं सही केली पण मंजुरी दिलीच नाही, कॅनडानं 2011 ला हात वर केले. पॅरिसमधून पण अमेरिका 2020 ला गेली, 2021 ला आली, 2025 ला परत निघाली, माहेरवाशीण पण एवढ्या फेऱ्या मारत नाही.

रिझल्ट म्हणाल तर कोळसा-तेल-गॅसचा कार्बन डायऑक्साइड 1990 ला वर्षाला साधारण 23 अब्ज टन होता, आता 37 च्या वर गेलाय.

मग दोन स्टार तरी कशाला? तर आधी शतकाअखेर साडेतीन-चार डिग्री तापमानवाढ धरत होते ती आता तीनच्या आसपास आली, तेवढं मान्य. त्यात कराराचं किती आणि स्वस्त झालेल्या सोलरचं किती हा वादच आहे.

26 नोव्हेंबर 2023 ला आमच्याकडं गारा पडल्या, घडच्या घड फुटले. 30 तारखेला दुबईत जगाची हवामान परिषद सुरू, जिथं आमचीच द्राक्षं जातात. ती गार कार्बनमुळंच पडली असं मी म्हणत नाही, पण कोळसा-तेलापासून दूर जायचं एवढं कागदावर यायला त्यांना 28 वी परिषद लागली.

सध्या बागेवर टाकायच्या प्लास्टिक कव्हरचं कोटेशन मागवलंय, एकरी खर्च लाखांत आहे. घेतलं तर त्याचा पण रिव्ह्यू टाकतो.