पंप ‘बदलला’, पण सीटखालची धूळ तशीच

गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे. पण नाशिकमध्ये जुनी गाडी वापरणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

माझी गाडी 2008 सालची, पेट्रोलवरची. डिसेंबरात तिचं एक नवीनच सुरू झालं. न्यूट्रलला उभी असली की रेस (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आपोआप 1,400 पर्यंत चढायची, धपकन 600 वर यायची, पुन्हा चढायची. खाली आली की स्टिअरिंगसकट सगळी गाडी थरथरायची. बाबांना तपासणीला नेताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला ती बंदच पडली. मागून एसटीवाला हॉर्नवर हॉर्न देतोय आणि बाबा दाराची मूठ घट्ट धरून बसलेत. त्यांचा तो चेहरा बघून मी त्याच दिवशी गाडी गॅरेजला टाकली.

तिथल्या माणसाने बोनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि सांगितलं, “साहेब, पेट्रोल पंप गेलाय.” म्हणजे टाकीतून इंजिनाला पेट्रोल पोचवणारा पंप. ना स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावला, ना पेट्रोलचं प्रेशर बघितलं. दोन दिवसांनी फोन आला: पंप टाकला, फरक आहे, पण प्लगही संपलेत. मग थ्रॉटल बॉडीची, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची, सफाई. पंपाचे 6,800, प्लगचे 1,600, सफाईचे 2,200 आणि मजुरी 2,400, असे 13,000 रुपये झाले. हिशेब वहीच्या फाडलेल्या पानावर. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला कालच घेऊन गेला. मी मान डोलावली आणि पैसे दिले. त्या एका वाक्याला मी अडून बसायला हवं होतं.

चार दिवसांत रेस पुन्हा नाचायला लागली. आता म्हणे ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलाय, सेकंडहँड 24,000 ला बसवून देतो.

शेजारच्या काकांनी हट्टाने मला नाशिकमधल्याच अंबडला त्यांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेलं. त्याने आधी स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. गाडी उभी असताना कॉम्प्युटर 22 टक्के जास्तीचं पेट्रोल घालत होता. रेस 2,500 वर धरली की तोच आकडा 6 वर यायचा. “दादा, पंप कमजोर असता तर रेस वाढवल्यावर आकडा वाढला असता. इथे उलटं होतंय. कुठून तरी चोरून हवा जातेय.” माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर आहे. त्याच्या पुढच्या नळीला चीर गेली की तिथून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. पेट्रोल-हवेच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, रेस पडते, कॉम्प्युटर सावरायला जातो, रेस चढते. गाडी नुसती उभी असताना इंजिन मुळातच थोडी हवा घेतं, म्हणून तिथे ही चोरी जास्त जाणवते.

इंजिनाच्या वरच्या झाकणापासून मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा वाटून देणारा भाग) जाणारी बोटभर जाडीची रबरी नळी त्याने पकडीने दाबली. रेस 800 वर येऊन थांबली. इतके दिवस जी गाडी थरथरत होती ती एकदम शांत. नळी काढून वाकवली तर वळणाच्या खालच्या बाजूला, वरून दिसणारच नाही अशा जागी, लांब भेग. रबर वाळून कडक झालेलं. नवीन नळी 240 रुपये, मजुरी 300.

मी म्हटलं, निदान पंप तरी नवा झाला. तो काही बोलला नाही. मागची सीट उचलली. या गाडीत पंप तिथेच, लोखंडी झाकणाखाली असतो. झाकणावर धुळीचा जाड थर, स्क्रूच्या खाचा मातीने बुजलेल्या, आणि त्या धुळीत रुतून बसलेली माझ्या मुलीची हेअरक्लिप, जी तीन वर्षांपूर्वी हरवली होती. त्या झाकणाला कुणी हातही लावला नव्हता. प्लग काढले तर तेही जुनेच, घासून चकचकीत केलेले. नव्या प्लगच्या टोकाच्या कडा धारदार असतात, यांच्या गोल झाल्या होत्या. मला संताप आवरेना. पैशांपेक्षा जास्त या गोष्टीचा, की “काम झालं” म्हणून सांगितलेल्या त्या गाडीत मी बाबांना पुन्हा बसवलं होतं.

कृपया एवढं करा. पार्ट बदलण्याआधी “कशावरून?” हे विचारा आणि तपासणी डोळ्यांसमोर करायला लावा. जुना पार्ट हातात मिळेल, हे गाडी सोडतानाच ठरवा. बिल पक्कं घ्या. माझ्याकडे ते नाही, म्हणून आता प्रत्येक गोष्ट सिद्ध करताना नाकी नऊ येतायत.

सीटखालचे फोटो दाखवल्यावर पहिल्या गॅरेजवाल्याने पंपाचे 6,800 परत केले. प्लग मात्र नवेच होते म्हणतो. मी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. चारही प्लग, ती चिरलेली नळी आणि वहीचं पान एका पिशवीत घालून कपाटात ठेवलंय.