धुऱ्यावरचा सिल्व्हर ओक : तीन पावसाळ्यांनंतर

वरुड तालुक्यातील आमच्या संत्राबागेच्या पश्चिम धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वारा अडविण्यासाठी मी तीन वर्षांपूर्वी जवळच्या एका खासगी रोपवाटिकेतून सिल्व्हर ओकची 120 रोपे प्रत्येकी 25 रुपयांनी घेतली. तेथील फलकावर ‘ओक – इमारती लाकूड’ असे लिहिलेले होते, आणि माझी पहिली हरकत तेथेच आहे. खरा ओक, म्हणजे कुमाऊं-गढवालातला बांज किंवा त्याचे युरोपातले भाऊबंद, थंड हवेत वाढतो आणि त्याच्या फळाच्या बुडाशी वाटी असते. सिल्व्हर ओक हा पूर्व ऑस्ट्रेलियातला, नेच्यासारख्या पानांचा, निराळ्याच कुळातला वृक्ष आहे. त्याचे लाकूड प्लायवूड आणि खोक्यांच्या कामी येते, त्यामुळे सागासारख्या भावाची आशा दाखवून तो विकणे बरे नव्हे.

रोपे मात्र चांगली निघाली. खोड सरळ होते आणि पानांची खालची बाजू निरोगी, चंदेरी होती. ज्या सात पिशव्यांत मुळे तळाशी गुंडाळलेली आढळली, ती रोपे त्यांनी कुरकुर न करता बदलून दिली.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. धुऱ्याच्या वरच्या मुरमाड, निचऱ्याच्या भागात 8 फुटांवर लावलेली झाडे आज घराच्या छपराहून उंच आहेत. खालच्या टोकाला भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, आणि तेथील 40 पैकी 31 रोपे दुसऱ्या पावसाळ्यातच मुळे कुजून गेली. ‘जमीन कशी आहे?’ एवढे विक्रेत्याने विचारले असते, तर माझा हा खर्च वाचला असता. कर्नाटकातील कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी आणि मिरीचे वेल चढविण्यासाठी हाच वृक्ष लावतात, हे त्यांनी अभिमानाने सांगितले. परंतु तेथील पाऊस आणि आपला मे महिना यांतला फरक सांगायचे राहून गेले. पहिले दोन उन्हाळे मला ठिबकची स्वतंत्र नळी टाकावी लागली.

फांद्या ठिसूळ असतात. गेल्या वादळात दोन झाडांचे शेंडे मोडले, म्हणून विजेच्या तारांखाली किंवा मोटारीच्या खोलीलगत हे झाड लावू नये. तरीही त्याच्या आडोशाच्या संत्र्याच्या ओळींत यंदा फळगळ कमी दिसली. वरच्या धुऱ्यासाठी येत्या जुलैत मी याच रोपवाटिकेतून आणखी 60 रोपे घेणार आहे. खालच्या टोकाला करंज लावीन.