आमच्या कॅम्पर व्हॅनची 'गळती तपासणी'

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये आम्ही कोलोरॅडोतील एका गृहस्थांकडून २००६ सालची कॅम्पर व्हॅन विकत घेतली. शेगडी, फ्रिज आणि पाणी तापवण्याचा हीटर ही तिन्ही उपकरणे प्रोपेन या गॅसवर चालणारी असल्यामुळे गळतीची तपासणी माझ्यासमोर व्हावी, अशी अट मी घातली होती. त्यांनी ती आनंदाने मान्य केली आणि माझी फसवणूक त्या तपासणीतच झाली.

प्रथम त्यांनी शेगडी पेटवून निळी ज्योत दाखवली व काही सेकंदांत स्वतःच बंद केली. मग साबणाचे पाणी ब्रशने एकेका सांध्यावर लावत गेले. कुठेही बुडबुडा आला नाही. मी १४.२ किलोच्या सिलिंडरच्या घरात वाढलेला; सिलिंडर आणून देणारा माणूस त्याच्या तोंडावर पाणी घालून बुडबुडे येत नाहीत हे आईला दाखवत असे, त्यामुळे साबणाच्या पाण्यावर माझा जरा जास्तच विश्वास होता. व्हॅनची टाकी गाडीच्या पोटाखाली असते आणि तिचा व्हॉल्व्ह पाहायचा तर गुडघे टेकून वाकावे लागते. मी वाकलो नाही. घरी आल्यावर शेगडी पेटेना म्हणून खाली पाहिले, तर व्हॉल्व्ह बंद होता. प्रवासापूर्वी त्यांनी तो आठवणीने बंद केला असेल, असे समजून मी मनातल्या मनात त्यांचे कौतुकही केले.

तो व्हॉल्व्ह आम्ही युटामध्ये मोआबजवळच्या मुक्कामी उघडला. रात्री मुलाचे मोजे उचलायला वाकलेल्या पत्नीला कुजक्या कोबीसारखा वास आला. उभ्या असलेल्या मला तो जाणवतही नव्हता, कारण प्रोपेन हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तळाशी साचतो. कोणत्याही बटणाला हात न लावता आम्ही तिघे बाहेर पडलो, व्हॉल्व्ह बंद केला आणि दारे सताड उघडी ठेवून थंडीत बराच वेळ दूर उभे राहिलो. जमिनीलगत बसवलेल्या गॅस डिटेक्टरचा हिरवा दिवा तेव्हाही शांतपणे जळत होता.

दुसऱ्या दिवशी प्रमाणित तंत्रज्ञाने शेगडीपाशी दाब मोजणारा मॅनोमीटर जोडला, सर्व उपकरणे बंद ठेवून नळीत गॅसचा दाब भरला, पुरवठा तोडला व दाब ८ इंच पाण्याच्या उंचीवर (हे गॅसच्या दाबाचे माप) आणून घड्याळ लावले. तो ३ मिनिटे स्थिर राहायला हवा होता. एका मिनिटाच्या आतच तो खाली आला. फ्रिजच्या मागच्या पितळी फ्लेअर सांध्यावर पांढरी टेप गुंडाळलेली होती. हा सांधा धातूवर धातू घट्ट बसून बंद होतो, तेथे टेपचे काही कामच नाही. म्हणजे गळती कोणाच्या तरी आधीच लक्षात आली होती. डिटेक्टर काढला, तेव्हा मागच्या २०२१ च्या स्टिकरखाली २००९ ही मूळ तारीख निघाली. असे डिटेक्टर बहुधा ५ वर्षांनी बदलावे लागतात, काही नवे त्याहून अधिक चालतात; हा बारा-तेरा वर्षे जुना असूनही नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला होता.

एवढी गळती असताना साबणाला बुडबुडे का आले नाहीत, असे विचारल्यावर तंत्रज्ञाने उलट मलाच विचारले, "टाकी उघडी होती का?" तेव्हा त्या काही सेकंदांच्या ज्योतीचा उलगडा झाला. ती नळीत उरलेल्या गॅसवर जळली होती, आणि दाबच नसलेल्या नळीवर बुडबुडा येणार कुठून?

विक्रेत्याला फोन केला, तर तपासणी तुमच्या डोळ्यांदेखतच झाली होती, असे त्याने सांगितले. खरेदीच्या कागदावर 'आहे त्या स्थितीत' असे लिहून माझी सही होती आणि मी व्हिडिओ काढला नव्हता, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च मुकाट्याने सोसला.

वापरलेली व्हॅन घेणाऱ्याने टाकीचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने, सावकाश उघडावा, कारण झटक्याने उघडल्यास जादा प्रवाह रोखणारी झडप मिटून गॅस पुढे जाईनासा होऊ शकतो. शेगडी दोन-तीन मिनिटे सलग जळू द्यावी, ती विझवून व्हॉल्व्ह उघडाच असताना साबण लावावा, आणि त्या पाण्यात अमोनिया वा क्लोरीन असलेले साबण नसावे, कारण त्याने पितळ तडकू शकते. डिटेक्टर मात्र स्क्रू काढून मागून पाहावा, आणि स्टिकर असल्यास नखाने उचकटून पाहण्यात संकोच करू नये.