जे घर स्पेसाइडमध्ये नव्हतंच

मार्च 2024 मध्ये मी वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद-टोबॅगो या जोडबेटांच्या देशातल्या टोबॅगो बेटावर पोचले, तेव्हा समुद्रकाठच्या एका घराचं तीन आठवड्यांचं भाडं आणि अनामत मिळून 1,150 अमेरिकी डॉलर आधीच भरलेले होते. रुपयांत 95 हजारांच्या वर. ज्या जागेचा नकाशा मला पाठवला होता, तिथे एक मोकळं आवार होतं, विलायती फणसाचं झाड होतं आणि पालथी घातलेली एक होडी होती. घर नव्हतं.

हे मी वर्षभर ओळखीतल्या कुणाला सांगितलं नाही. आता सांगते आहे, कारण एकटीने फिरणाऱ्या दोन मैत्रिणी याच बेटांवर जायची तयारी करताहेत, आणि त्यांच्यासारख्या आणखीही असतील.

या बेटांचं वेड मला बाबांकडून आलं. 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्याच्या गोष्टी त्यांनी इतक्या वेळा सांगितल्या, की पोर्ट ऑफ स्पेन हे नाव मला पुण्यातल्या पेठांइतकं जवळचं वाटायचं. वाडेकरांचा संघ, सरदेसाईंच्या 642 धावा, पहिल्याच मालिकेत गावसकरांच्या 774. बाबा गेले आणि दोन वर्षांनी मी तिथल्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानाच्या फाटकाशी एकटी उभी होते. त्या पहिल्या फेरीतच मी त्रिनिदादच्या खाण्याच्या प्रेमात पडले. सकाळी रस्त्याच्या कडेला डबल्सची गाडी लागते. हळद घातलेले दोन मऊ 'बारा', त्यावर छोल्यांची दाटसर उसळ, चिंचेची चटणी, काकडी. विकणारा फक्त मिरची किती हवी ते विचारतो आणि कागदात गुंडाळून हातात देतो. मराकसच्या किनाऱ्यावर शार्क-अँड-बेक, म्हणजे तळलेल्या पावात घातलेला शार्क मासा, खायचं, त्यावर कोथिंबिरीसारख्या वासाच्या शॅडो बेनीची हिरवी चटणी घ्यायची. आणि दालपुरी! शिजवून वाटलेली पिवळ्या वाटाण्याची डाळ आत, जिऱ्याचा वास, पोळी इतकी लुसलुशीत की हातात धरली तर लोंबते. पुरणपोळीत गूळ न घालता जिरं घातलं तर जसं होईल, तसं काहीसं.

30 मे 1845 ला फतेल रझाक नावाच्या जहाजातून हिंदुस्थानातले पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, त्रिनिदादवर उतरले. त्यांची भोजपुरी आता बोलण्यात फारशी राहिली नाही, पण स्वयंपाकघरात आणि नात्यांच्या शब्दांत राहिली. तिथे भारतीय वंशाच्या घरांत वडिलांच्या आईला 'आजी' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हा शब्द लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी टोबॅगोत निवांत राहायचं असं मी ठरवलं होतं. क्राउन पॉइंटच्या बाजूला पर्यटकांची वर्दळ असते, म्हणून मला बेटाच्या दुसऱ्या टोकाचं स्पेसाइड हवं होतं. समोर लिटल टोबॅगो बेट, पाण्याखाली प्रचंड मोठं ब्रेन कोरल, म्हणजे मेंदूसारखं दिसणारं प्रवाळ. एका संकेतस्थळावर जाहिरात दिसली. समुद्रावर उघडणारी गॅलरी, निळी दारं, झुला. मी घरमालकाला लांबलचक संदेश लिहिला. बाबांचं क्रिकेट, डबल्स, दालपुरी, 'आजी' शब्द ऐकून काय वाटलं ते, सगळं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. सुरुवातच 'दीदी' अशी. त्याची आजी दालपुरी करायची, पणजोबा जहाजातून आले होते, आजोबांनी ओव्हलवर गावसकरांना खेळताना पाहिलं होतं. मला वाटलं, आपलं माणूस भेटलं. आज तो संदेश माझ्या संदेशाशेजारी ठेवून वाचते तेव्हा दिसतं, की त्यात माझं नसलेलं एक वाक्यही नाही. मी जे जे दिलं, तेच त्याने मला परत दिलं होतं. तो त्रिनिदादचा होता का, हेसुद्धा मला आज सांगता येणार नाही.

मग गाडी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. संकेतस्थळ मोठं कमिशन कापतं, थेट पैसे भरलेत तर 15 टक्के कमी लावतो म्हणाला. अशा वेळी आपल्याला वाटतं की त्या माणसाचेही चार पैसे वाचतील. प्रत्यक्षात संकेतस्थळ सोडलं की त्यांचं संरक्षणही गेलं, आणि त्याला तेवढंच हवं असतं. आधी 400 डॉलर मागितले. आठवड्याभराने, 'दुसरं एक जोडपं घर मागतंय, पण मी तुमच्यासाठी थांबलोय' असं सांगून उरलेले 750.

पैसे बँकेतून परदेशी पाठवायचे होते. अर्ज भरताना खिडकीतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, घरमालकाचं नाव वेगळं सांगताय आणि खातं वेगळ्याच नावावर आहे. शिवाय बँक तिसऱ्याच देशातली आहे. असं का?" तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्याकडे उत्तर तयार होतं, कारण त्याने ते आधीच पढवलं होतं. खातं बहिणीच्या नवऱ्याचं आहे, आमच्याकडे अमेरिकी डॉलरची टंचाई आहे, बँकेतून मिळायला फार दिवस लागतात. त्रिनिदादमध्ये परकीय चलनाची टंचाई खरोखरच आहे, मी त्याबद्दल वाचलंही होतं. म्हणून पटलं. खोटं असं खऱ्याच्या आधाराने उभं केलेलं असलं, की ते पकडणं फार अवघड जातं.

विमानतळावरून मी एच अक्षराने सुरू होणाऱ्या पाटीची गाडी घेतली. तिथे परवानाधारक टॅक्सीची पाटी एचने सुरू होते, खासगी गाडीची पीने. खासगी गाडीवालेही भाडं घेतात, पण एकटीने त्यात बसू नये. भाडं ठरवताना डॉलर कुठला तेही विचारून घ्यावं. एका अमेरिकी डॉलरला साधारण पावणेसात टीटी (त्रिनिदाद-टोबॅगोचे) डॉलर मिळतात, आणि नुसतं 'तीनशे डॉलर' ऐकून हो म्हटलं तर उतरताना भांडण होतं. माझे टॅक्सीवाले वयस्क आणि सज्जन होते. उजवीकडे अटलांटिक, डावीकडे 1776 पासून कायद्याने राखलेलं मेन रिजचं जंगल, वळणावळणाचा दीड तासाचा रस्ता. मी त्यांना मोबाइलवर घराचे फोटो दाखवत होते. गॅलरीतून दिसणारा सूर्यास्त दाखवला, तेव्हा त्यांनी गाडी हळू केली.

"हा फोटो स्पेसाइडचा नाही," ते म्हणाले. "स्पेसाइडला सूर्य समुद्रातून वर येतो. मावळतो तो मागे, डोंगराआड."

तो फोटो मी दोन महिने रोज बघत होते. माझ्या मोबाइलचा वॉलपेपर होता तो.

तो मोकळा प्लॉट, ते झाड, ती होडी. मी फोन लावला, बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो गेलेला. शेवटचा संदेश मी विमानात असताना आला होता, 'दीदी, सुखरूप या.' संध्याकाळचे पाच वाजत आले होते. टॅक्सीवाले मला सोडून गेले नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईंना त्यांनी हाक मारली. अशा वडीलधाऱ्या बाईंना तिकडे 'टँटी' म्हणतात. टँटींनी आधी मला बसवलं, जायफळ घातलेला गरम कोको दिला, तळलेला बेक आणि खारवलेला मासा पुढे केला, आणि मग विचारलं. माझ्याआधीही एक जोडपं याच प्लॉटवर येऊन उभं राहिलं होतं, म्हणाल्या. त्यांच्याच ओळखीने रात्रीची खोली मिळाली. दुसऱ्या दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

फोटो इंटरनेटवर टाकून ते मुळात कुठले आहेत ते शोधलं तेव्हा ते दुसऱ्याच बेटावरच्या, पश्चिमेकडे तोंड असलेल्या एका गेस्टहाउसचे निघाले. हे शोधायला दहा मिनिटं लागली. पैसे भरण्याआधी ती दहा मिनिटं मी काढली असती तर इतकं सगळं घडलंच नसतं.

परत आल्यावर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेतूनही रक्कम परत मागवण्याची विनंती पाठवली. समोरून उत्तर आलं, खातं रिकामं आहे. मला कळेपर्यंत पहिला हप्ता भरून दोन महिने होत आले होते. पैसे गेल्याचं पहिल्या काही तासांत कळलं, तर थांबवण्याची थोडी तरी आशा असते. क्रेडिट कार्डाने भरले असते तर बँकेकडे वाद नोंदवता आला असता. परदेशी खात्यावर वळते केलेले पैसे मागे आणण्याचा तसा हक्क ग्राहकाला नसतो.

आणखी एक धोका सांगते. प्रवाशांच्या एका गटात मी मदत मागितली, आणि तीनच दिवसांत एका गृहस्थांचा संदेश आला. बुडालेले पैसे काढून देतो, फक्त 150 डॉलर आगाऊ भरा. फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा गाठणारी ही वेगळीच जमात आहे. आपण घायकुतीला आलेलो असतो हे त्यांना बरोबर माहीत असतं.

आता मी खोली ठरवताना घरमालकाला व्हिडिओ कॉल करायला सांगते आणि फोन घेऊन फाटकाबाहेर रस्त्यावर यायला लावते. शेजारचं दुकान दाखवा म्हणते. खरा माणूस हसतो आणि दाखवतो. मला फसवणारा मात्र प्रत्येक वेळी नेट नाही म्हणायचा आणि बदल्यात लाटांचा आवाज पाठवायचा. मीही ते आवाज झोपताना ऐकायचे.

त्यातला एक ध्वनिसंदेश 14 सेकंदांचा आहे. आधी लाटा, मग कोंबडा आरवतो आणि एक पुरुष हळूच 'गुड मॉर्निंग, दीदी' म्हणतो. तो मी तक्रारीला जोडला आहे. तसाच संदेश तुम्हाला आला, तर पैसे भरू नका आणि तो पुसूनही टाकू नका. 1930 ला कळवा.