ड्रिप कॉफी मशीन घ्यायचं तर आधी खालची प्लेट बघा

घरात दुधाची दाट कॉफीच चालत असेल तर ड्रिप मशीन, म्हणजे कॉफीच्या पुडीवर गरम पाणी सोडून खालच्या जगात गाळलेली कॉफी उतरवणारं मशीन, घेऊ नका. काळी किंवा थोडंसं दूध घातलेली कॉफी पिणारी दोन-तीन माणसं घरात असतील आणि ती साधारण एकाच वेळी पीत असतील, तर जरूर घ्या. हे आधीच सांगते, कारण दुकानात हे कोणी विचारत नाही. तिथे बोलणं सुरू होतं ते किती कप, किती वॅट आणि किती वर्षांची वॉरंटी इथून.

आम्ही ऐरोलीला राहतो. मी रबाळे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय कशावर मत द्यायची सवय नाही. माझी कॉफी सहाला, नवऱ्याची फिरून आल्यावर साडेसातला. मुलगी आयटी पार्कात रात्रपाळी करते, तिची सकाळ दुपारी चारला होते. सासूबाई कोल्हापूरच्या, त्यांना जायफळ घातलेली, सगळ्या दुधाची कॉफी लागते. चार माणसं, चार तऱ्हा. मशीन तपासायला याहून चांगलं घर मिळणार नाही.

आमचं मशीन अगदी साधं आहे: ६०० वॅट, ०.६ लिटरची टाकी, काचेचा जग, नायलॉनची जाळी, एकच बटण. किंमत तीन हजारांच्या आत. खोक्यावर ‘६ कप’ लिहिलेलं होतं, पण तो कप १०० मिलिलिटरचा धरलेला असतो. शिवाय एक ग्रॅम पूड साधारण दोन मिलिलिटर पाणी स्वतःत धरून ठेवते. त्यामुळे टाकी काठोकाठ भरली तरी आपल्या घरातले मग तीनच भरतात. पाच-सहा जणांचं घर असेल तर सव्वा लिटरचंच घ्या.

आत काय होतं ते समजून घेतलं की या मशीनचे गुण आणि दोष दोन्ही आपोआप कळतात. टाकीतलं पाणी खाली उतरतं आणि एका वाकवलेल्या धातूच्या नळीत जातं. त्या नळीला हीटर चिकटलेला असतो. पाणी थोडं थोडं उकळतं, वाफेचे बुडबुडे तयार होतात, मागे एकमार्गी झडप असल्यामुळे त्यांना परत टाकीत जाता येत नाही आणि ते पाण्याला वरच्या नळीतून ढकलत पुडीवर नेऊन सोडतात. पंप नाही, मोटर नाही. विजेवर चालणारं पहिलं ड्रिप मशीन जर्मनीत १९५४ साली ‘विगोमॅट’ या नावानं आलं. आजही स्वस्त मशीन इतकं साधं असतं, म्हणूनच ते वर्षानुवर्षं टिकू शकतं.

पण नळी तापवणारा जो हीटर, तोच जग ज्यावर ठेवतात ती प्लेटही तापवतो. पाणी संपलं की तो थर्मोस्टॅटवर चालू-बंद होत जगाखाली धगधगत राहतो. प्लेट बंद आणि मशीन चालू असं या रचनेत होऊच शकत नाही. आणि रोजच्या वापरात सगळा त्रास इथूनच सुरू होतो.

सहाला केलेली कॉफी माझ्या मगात पडते तेव्हा छान असते. चिकमंगळूरची मध्यम भाजलेली अरेबिका असेल तर वास स्वयंपाकघराबाहेर जातो. तीच कॉफी प्लेटवर साडेसातपर्यंत ठेवली की नवऱ्याच्या कपात येते ती कडवट, आंबूस आणि जिभेवर कोरडेपणा सोडणारी. हा भास नाही. कॉफीतली क्लोरोजेनिक आम्लं उष्णतेनं मोडत जातात आणि त्यातून क्विनिक आम्ल वाढतं. सुगंधाची द्रव्यं तर उडूनच जातात. वीस मिनिटांपर्यंत मला फरक जाणवत नाही, अर्ध्या तासाला जाणवतो, तासाभरानं मी ती पीत नाही. मायक्रोवेव्हमध्ये परत गरम करूनही काही साधत नाही.

यावर उपाय सोपा आहे. जग भरला की लगेच बटण बंद करायचं आणि उरलेली कॉफी थर्मासमध्ये ओतायची. स्टीलचा अर्ध्या लिटरचा थर्मास आधी कढत पाण्यानं विसळून घेतला तर साडेसातला नवऱ्याला व्यवस्थित गरम आणि मूळ चवीची कॉफी मिळते. आमच्याकडे आता असंच चालतं. पण हे आपण लक्षात ठेवून करावं लागतं, आणि सकाळी डबे भरण्याच्या गडबडीत ते दर वेळी जमेलच असं नाही. थर्माससारखाच दुहेरी भिंतीचा स्टीलचा जग असलेली मशीनं मिळतात, त्यांना प्लेटची गरजच नसते. किंमत बरीच जास्त असते. ज्यांच्या घरी पिण्याच्या वेळा आमच्यासारख्या पांगलेल्या आहेत, त्यांनी पैसे तिथेच घालावेत. टायमर, रंगीत डिस्प्ले, ‘अरोमा’ लिहिलेलं बटण यांवर नको.

आपोआप बंद होण्याची सोय आहे का, हेही विचारा. युरोपात २०१५ पासून हा नियम आहे: साध्या जगाचं मशीन कॉफी झाल्यावर जास्तीत जास्त ४० मिनिटांत आणि थर्मास-जगाचं ५ मिनिटांत स्वतःहून बंद झालं पाहिजे. आपल्याकडे स्वस्त मशीनांत बऱ्याचदा ही सोय नसते. आमच्यात नाही. घरातलं शेवटचं माणूस बाहेर पडताना गॅसबरोबर हे बटणही बघतं.

आता चव. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या कॉफीक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रमाण लिटरला ५५ ग्रॅम पूड आणि ९२ ते ९६ अंश सेल्सियस पाणी असं आहे. मी फिल्टरमध्ये थर्मामीटरचा काटा सोडून बघितलं. सुरुवातीचं पाणी ८४-८५ अंशांवर पडतं आणि निम्मी टाकी झाल्यावर ९१-९२ पर्यंत चढतं. म्हणजे पूर्ण टाकी भरली तर पाणी निदान प्रमाणाच्या जवळ पोचतं, पण एकाच कपापुरतं पाणी घातलं तर ते गरम व्हायच्या आत संपतं आणि कॉफी पातळ, आंबट लागते. मुलीच्या दुपारच्या एकट्या कपाला हे मशीन मी वापरत नाही. तिच्यासाठी कपावर ठेवायचा साधा फिल्टर-कोन आणि किटली बरी पडते.

पुडीचा दाणा फार महत्त्वाचा. तो जाड्या रव्याएवढा हवा. माटुंग्याहून आणलेली फिल्टर कॉफी (८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड) मी मुद्दाम यात घालून बघितली. ती पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरसाठी बारीक दळलेली असते, त्यात चिकोरी भिजून चिकट होते. जाळी बुजली, वरून पाणी येतच राहिलं आणि गाळ काठावरून थेट जगात उतरला. दोष त्या कॉफीचा नाही. तिचं भांडंच वेगळं. दळून घेताना ‘ड्रिप मशीनसाठी, चिकोरी नको’ इतकं सांगितलं की दुकानदार बरोबर देतो.

सासूबाईंसाठीही पुष्कळ प्रयत्न केले. नेहमीच्या प्रमाणाची कॉफी गरम दुधात घातली तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, दुधात हिला जोर नाही.” बरोबरच होतं. लिटरला ५५ ग्रॅमनं निघते ती तशीच प्यायची कॉफी. दुधात मिसळायला डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क लागतो आणि तो कितीतरी दाट असतो. मग प्रमाण जवळपास दुप्पट केलं: ३०० मिलिलिटर पाण्याला ३० ग्रॅम, त्यात तेवढंच दूध, वर जायफळ किसून. त्यांनी कप संपवला, “बरी आहे,” म्हणाल्या. पण एवढी पूड रोज घालणं परवडत नाही, आणि त्याहून दाट कॉफी काही शे रुपयांच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये विजेशिवाय मिळते. त्यांच्यासाठी तो फिल्टर पुन्हा ओट्यावर आला आणि तिथेच राहणार आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ. त्या घरांना ड्रिप मशीन विकताना निदान हे सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

जाळी की कागद? सोबत आलेली नायलॉनची जाळी चालते, खर्च वाचतो. मी तरी कागदाकडे वळले. कॉफीतल्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि कागद त्यातलं बहुतेक अडवतो. नवऱ्याचे रिपोर्ट बघता मला तेवढं कारण पुरेसं होतं. कागदी फिल्टरची कल्पना १९०८ साली ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी मुलाच्या वहीतला टीपकागद वापरून काढली होती. घरातल्या गाळाच्या कॉफीला कंटाळून एका बाईनं लावलेला हा शोध मला फार आवडतो. कागदाची कॉफी जास्त स्वच्छ लागते, जाळीची थोडी जड. पावसाळ्यात कागदाचा आणखी एक फायदा कळला. खाडीकाठच्या आमच्या दमट हवेत जाळीत ओला गाळ रात्रभर राहिला तर सकाळी कुबट वास येतो. कागद गाळासकट उचलून कढीपत्त्याच्या कुंडीत रिकामा करता येतो. टाकीचं झाकण मात्र दिवसभर उघडं ठेवा, ओल आत कोंडू देऊ नका.

पाण्यावर बोलायला हवं, कारण इथे ठाणे आणि नवी मुंबईत चांगलाच फरक पडतो. आमच्याकडे नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणाचं पाणी येतं. नळीत क्षार फारसे धरलेले नाहीत. माझी मोठी बहीण घोडबंदर रोडला कासारवडवलीला असते; तिच्या सोसायटीला टँकरवर भागवावं लागतं आणि टँकरचं पाणी बऱ्याचदा बोअरचं. तिनं हेच मॉडेल घेतलं. काही महिन्यांतच तिच्या मशीनला वेळ जवळपास दुप्पट लागायला लागला, वाफ जास्त आणि पाणी कमी येऊ लागलं. नळीत पांढरा थर बसला होता. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवलं, अर्धं पाणी चालवून मशीन वीस मिनिटं बंद ठेवलं, उरलेलं चालवलं आणि नंतर दोनदा साधं पाणी सोडलं. जुना वेग परत आला. “ताई, दर महिन्याला कर,” असं मी तिला बजावलंय. तिनं आरओचं पाणी वापरून बघितलं, त्यानं थर बसत नाही. पण पाण्यातले क्षार फारच कमी झाले की कॉफी सपक लागते. निम्मं आरओ, निम्मं नळाचं हे तिचं प्रमाण मला पटलं.

वीजबिलाची काळजी करू नका. पूर्ण टाकीला सात मिनिटं लागतात, म्हणजे एका युनिटात डझनभर जग सहज होतात. खर्च आहे तो कॉफीचा. पाव किलोला पाचशे रुपये धरले तर एक मग बावीस रुपयांच्या आसपास पडतो, कागद वेगळा. बाहेरच्या कॅफेच्या मानानं काहीच नाही, घरच्या चहाच्या मानानं पुष्कळ.

घेताना दुकानात झाकण उघडून पाणी कुठून पडतं ते बघा. एकच भोक असेल तर पुडीच्या मधोमध खड्डा पडतो आणि कडेची पूड कोरडी राहते. आमच्यात तसंच आहे, म्हणून मी मधेच चमच्यानं एकदा हलवते. पाच-सहा भोकांची चकती असलेलं मॉडेल थोडं महाग मिळालं तरी तेच घ्या.

आणि जगाचं विचारा. आमच्या जगाला भांडी घासताना तडा गेला. कंपनीच्या सेवा केंद्रानं आधी तो सुटा मिळत नाही म्हणून सांगितलं, मग मागवून देतो म्हणाले. दीड महिन्यानं आला आणि मशीनच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश पैसे घेतले. तोवर स्टीलचं पातेलं चालेना, कारण जगाच्या झाकणानं वरची झडप दाबली गेल्याशिवाय फिल्टरमधून थेंबही खाली येत नाही. तेव्हा पैसे देण्याआधीच सुट्या जगाची किंमत विचारून बिलावर लिहून घ्या, आणि मशीनच्या तळाशी छापलेल्या मॉडेल नंबरचा फोटो काढून ठेवा. सेवा केंद्रात पहिला प्रश्न तोच येतो.